मी गेले तर पैसे एक्सला!

पत्र: मी ३४ वर्षांची. मुलुंड पूर्वेला आईबरोबर राहते, नोकरी लोअर परळला. वडील नाहीत. सहा वर्षांचं नातं २०२२मध्ये संपलं. मागच्या महिन्यात नोकरी बदलली, तेव्हा फॉर्म भरायला जुने कागद काढले आणि घाम फुटला. बँकेतल्या एफडी, पीपीएफ आणि विम्याची पॉलिसी, सगळीकडे नॉमिनी म्हणून त्याचं नाव. विम्यात तर नात्याच्या रकान्यात 'भावी पती'! आधारवर अजून आमच्या बोरिवलीच्या भाड्याच्या घराचा पत्ता आहे, एक जॉइंट खातंही आहे. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न. त्याच्या आईने व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवली आहे. इकडे अ‍ॅपवर भेटलेल्या एका अंधेरीकराबरोबर तीन भेटी झाल्या आहेत. माणूस बरा वाटतो, पण स्वतःला 'ऑलमोस्ट डिव्होर्स्ड' म्हणवतो आणि मला 'माझ्याआधी किती?' असं विचारतो. एक्सला फोन करावा लागेल का? याला काय सांगू? लग्नाला जाऊ का?
– अजून जिवंत, मुलुंड

प्रिय 'अजून जिवंत',

फोन करू नका. नॉमिनी बदलायला जुन्या नॉमिनीची सही लागत नाही, संमती लागत नाही, त्याला कळवावंही लागत नाही. तुमच्या यादीत त्याची सही लागेल असं एकच काम आहे, जॉइंट खात्याचं, आणि ते एका मेसेजमध्ये मार्गी लागतं. बाकीच्याला दोन शनिवार पुरतील. फक्त पहिला किंवा तिसरा शनिवार बघून निघा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते आणि ब्रेकअपची कामं बंद शटरसमोर उभं राहून करायची नसतात.

आधी तुमची मुख्य भीती. तुम्ही गेलात तर पैसे त्याचे होतील का? नाही. पण त्याच्या हातात पडतील, आणि पुढची पंचाईत तुमच्या आईची. नॉमिनी हा वारस नसतो, तो पैसे स्वीकारून वारसांकडे सोपवणारा माणूस असतो. शेअर्सच्या बाबतीतही हेच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं. विम्याचा अपवाद आहे: १९३८च्या विमा कायद्याच्या कलम ३९मध्ये २०१५ला बदल झाला, तेव्हापासून आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. 'भावी पती' त्या यादीत नाही. भावी तर नाहीच.

आता प्रत्यक्षात काय होईल ते बघा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं. बँकेच्या दप्तरात नाव त्याचं, मृत्यूचा दाखला तुमच्या आईकडे. म्हणजे आईने तो दाखला त्याला द्यायचा, त्याने पैसे उचलायचे, आणि मग आईने त्याच्या दोन महिन्यांच्या संसाराच्या दारात जाऊन ते मागायचे. दार त्याची बायको उघडणार आणि 'आपण कोण?' असं विचारणार. तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर अविवाहित, मूलबाळ नसलेल्या मुलीचे वारस तिचे आईवडील, त्यामुळे दावा आई जिंकेल. पण तारखांना उतारवयात तीच जाणार. म्हणून या महिन्यात, त्याची हळद लागायच्या आत, हे काम संपवा.

बँकेत सगळ्यांची चूक एकच होते. बचत खात्याचा नॉमिनी नेटबँकिंगवरून बदलला, की काम झालं असं वाटतं. एफडीला स्वतंत्र नॉमिनी असतो. तीन एफडी असतील तर तीन वेळा बदलायचा. शिवाय एफडी आपोआप रिन्यू होते तेव्हा जुना नॉमिनीही तिच्याबरोबर पुढे सरकतो; २०१९ची एफडी अजून चालू आहे आणि तिच्याबरोबर तोही, हे असंच घडतं. प्रत्येक एफडीची पावती उघडा, 'नॉमिनी रजिस्टर्ड' एवढ्यावर समाधान मानू नका, नाव वाचा. बदलाचा फॉर्म दिल्यावर पोच घ्या. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, एकतर टक्केवारीने (बेरीज १०० झाली पाहिजे) किंवा क्रमाने. तुमच्यासाठी क्रमाची पद्धत बरी: पहिली आई, तिच्यानंतर मावशी, मामा, जो कोणी तुमच्या भांडणात तुमच्या बाजूने बोलला तो. लॉकर असेल तर तिथे फक्त क्रमवारीच चालते.

पीपीएफसाठी फॉर्म १०, खातं जिथे असेल त्या बँकेत किंवा पोस्टात. पूर्वी या बदलाला ५० रुपये लागायचे, एप्रिल २०२५पासून तेही नाहीत. विमा कंपनीला लेखी कळवा किंवा तिच्या पोर्टलवरून बदला, आणि पॉलिसीवर नव्या नॉमिनीची नोंद झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय फाइल बंद करू नका. ईमेलला आलेलं 'युअर रिक्वेस्ट हॅज बीन रिसीव्ह्ड' म्हणजे नोंद नव्हे. तोवर कायद्याने 'भावी पती' जागेवरच असतो.

पीएफमध्ये नियम वेगळा आहे, आणि तुमच्या परिस्थितीत तोच सर्वात शहाणा म्हणायचा. कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नाव तिथे चालतच नाही, आणि लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप अवैध ठरतं. तरी यूएएन पोर्टलवर ई-नॉमिनेशन उघडून बघा. प्रोफाइल फोटो नसेल तर ते पुढे जात नाही, आणि शेवटी आधारचा ओटीपी टाकून ई-साइन करायचं राहिलं तर भरलेलं सगळं वाया. पुष्कळ लोक 'सेव्ह' दाबून उठतात आणि वर्षानुवर्षं आपण नॉमिनेशन केलंय असं समजतात. नव्या कंपनीतला ग्रुप विमा आणि ग्रॅच्युइटी यांचे नॉमिनी वेगळे. एचआरला एकदा विचारा.

अंधेरीकराचं नाव कुठेही टाकू नका. तीन भेटींवर माणसाला फार तर वायफायचा पासवर्ड देतात.

आधारवरचा बोरिवलीचा पत्ता निरुपद्रवी वाटतो, पण नवं डेबिट कार्ड, चेकबुक, विम्याचं पत्र हे सगळं केवायसीतल्या पत्त्यावर जातं. तिथे आता दुसरा भाडेकरू असणार, आणि तुमचं कार्ड घ्यायला वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही कोण करतो कुणास ठाऊक. मुलुंडच्या घराचा कागद तुमच्या नावावर नसेल, महावितरणचं बिलही अजून वडिलांच्या नावाने येत असेल, तर 'मायआधार' पोर्टलवर कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायचा पर्याय आहे. तुमचं नाव, आईचं नाव आणि नातं तिन्ही दिसेल असा एक कागद अपलोड करा. रेशन कार्ड किंवा पासपोर्ट चालतो. मग आईला पोर्टलवर जाऊन ३० दिवसांत संमती द्यावी लागते, तीही ओटीपीने, म्हणून तिचा मोबाइल तिच्या आधारला जोडलेला हवा. ३० दिवस उलटले की अर्ज बाद, आणि भरलेले पैसे परत येत नाहीत. आधारचा पत्ता बदलला म्हणून बँकेचा आपोआप बदलतो असंही नाही, तिथे केवायसीचा अर्ज वेगळा.

जॉइंट खातं बहुतेक 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं असेल. म्हणजे पैसे दोघांपैकी कुणीही काढू शकतं, आणि एक गेला तर उरलेल्याला मिळतात. तुम्ही आत्तापर्यंत फक्त स्वतःच्या मरणाचा विचार केलाय. उलट झालं तर सर्व्हायव्हर तुम्ही, आणि त्याच्या तेराव्यानंतर त्याची बायको बँकेत येईल तेव्हा मॅनेजर तिला तुमचं नाव वाचून दाखवेल. खातं बंद करायला दोघांच्या सह्या लागतात. आधी त्यातून एखादी एसआयपी किंवा बिल कापलं जात नाही ना ते बघा, शिल्लक निम्मी करून त्याचा वाटा त्याच्या खात्यात टाका, आणि मग मेसेज: 'जॉइंट खातं बंद करायचंय. तुझा अर्धा वाटा पाठवला आहे. क्लोजर फॉर्मवर सही करून या शनिवारपर्यंत शाखेत दे, माझी सही झालेली आहे.' शुभेच्छा द्यायच्याच तर शेवटी, एका ओळीत, इमोजीशिवाय. 'कशी आहेस?' असं उत्तर आलं तर ते क्लोजर फॉर्मचं उत्तर नाही. त्याने टाळाटाळ केली तरी शिल्लक शून्याजवळ आणून ठेवली असली की झोप जाणार नाही. दोन वर्षं ग्राहकाने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षांनी त्यातले उरलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात. तुमच्या बोरिवलीच्या संसारातून निदान कुणाचं तरी शिक्षण होईल.

फोनच्या बाबतीत क्रम चुकवू नका. गूगल खात्यात 'रिकव्हरी फोन' म्हणून त्याचा नंबर असेल तर आधी तो काढा, मग पासवर्ड बदला, मग 'युअर डिव्हायसेस'मध्ये जाऊन त्याचा लॅपटॉप साइन आउट करा. उलट क्रमाने केलंत तर नवा पासवर्डही त्याच्या नंबरवर आलेल्या कोडने बदलता येतो. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तासांत आपोआप बंद होतं, पण गूगल मॅप्सचं 'तुम्ही बंद करेपर्यंत' चालू राहतं. मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टॅप करून 'लोकेशन शेअरिंग' उघडा. तिथे त्याचं नाव दिसलं, तर तुमच्या तिन्ही भेटी कुठे झाल्या हे त्याला अंधेरीकराआधी ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे 'लिंक्ड डिव्हायसेस'ही तपासा. आणि तुमच्या विषयाला शोभणारी गोष्ट म्हणजे गूगलचं 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर': ३ ते १८ महिने तुम्ही खातं वापरलं नाहीत तर तुमचे मेल, फोटो कुणाला द्यायचे हे तिथे ठरवून ठेवलेलं असतं. प्रेमात पडलेल्या माणसांना हे सेटिंग फार रोमँटिक वाटतं. तिथे त्याचा ईमेल असेल तर काढून टाका, नाहीतर तुमच्यामागे अंधेरीकराबरोबरचे सेल्फी त्याच्या इनबॉक्समध्ये जातील. ओटीटीचा पासवर्ड सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या लग्नाच्या दिवशी मुळीच नको. साध्या मंगळवारी बदला. मुहूर्त साधून केल्यासारखं दिसलं की लोक त्याला भावना समजतात.

आता 'ऑलमोस्ट डिव्होर्स्ड'. कायद्यात अशी अवस्था नाही. माणूस विवाहित असतो, नाहीतर नसतो, आणि मधलं सगळं विवाहित. 'आम्ही एकत्र राहत नाही' म्हणजे काहीच दाखल झालेलं नाही. 'नोटीस पाठवली' म्हणजे वकिलाचं पत्र गेलंय. 'स्टॅम्प पेपरवर दोघांनी लिहून दिलं, नोटरीही केली' असं म्हणाला तर विशेष सावध राहा. काही समाजांतल्या सिद्ध झालेल्या रूढी सोडल्या तर हिंदू विवाह कायद्यात नोटरीचा शिक्का घटस्फोट देत नाही, नोटरीची फी तेवढी जाते. संमतीने घटस्फोट कलम १३ब खाली मिळतो. अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल होतो ते फर्स्ट मोशन. मग सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत सेकंड मोशन. सहा महिन्यांची ही अट योग्य प्रकरणात माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटलं आहे, पण ती आपोआप माफ होत नाही. आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे फर्स्ट मोशन झालेला माणूस हा बायकोच्या मर्जीवर 'ऑलमोस्ट' आहे.

त्याला तीन गोष्टी विचारा. केस कुठल्या न्यायालयात आहे, सीएनआर नंबर काय, पुढची तारीख कधी. मुंबईतलं कुटुंब न्यायालय वांद्र्याला बीकेसीत आहे. सीएनआर नंबर १६ अक्षरांचा असतो, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की केसचा टप्पा आणि तारीख दिसते. तिथे ज्याची केस खरंच चालू असते त्याला लग्नाचा वाढदिवस आठवणार नाही, पण पुढची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. 'ते सगळं वकील बघतात' हे उत्तर आलं, तर केस दाखलच नाही असं धरून चाला. हुकूमनामा संमतीने न मिळता लढून किंवा एकतर्फी मिळाला असेल, तर अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमचा तसा विचार नसला, तरी एवढं ध्यानात ठेवा: तो उद्या गेला तर विधवा तीच. चंदनवाडीच्या स्मशानात तुमची ओळख 'ऑफिसमधल्या कुणीतरी' अशी करून दिली जाईल.

'माझ्याआधी किती?' या प्रश्नाला आकडा देऊ नका. आकडा लहान असला तर त्याला खरा वाटत नाही, मोठा असला तर सहन होत नाही, आणि तो बरोबर ऐकेल असा आकडा अजून कुणाला सापडलेला नाही. त्याचा ज्याच्याशी संबंध येतो तेवढंच सांगा: शेवटचं नातं २०२२ला संपलं, जॉइंट खातं बंद करत आहे, त्याच्याशी बोलणं नाही, त्याच्या आईचे मेसेज येतात, तपासण्या करून घेतल्या आहेत. मग हेच पाच मुद्दे त्याने सांगायचे. आकडा दुसऱ्यांदा विचारला तर हसून टाळा. तिसऱ्यांदा विचारला तर त्याला उत्तर नको आहे, हिशेबाची वही हवी आहे. बिल अर्धं अर्धं करा आणि घाटकोपरची मेट्रो पकडा.

तपासण्यांचं खरंच करा, दोघांनीही. एचआयव्ही चाचणी केईएम, सायन, नायरसारख्या पालिका रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते, आधी समुपदेशन असतं, आणि २०१७च्या कायद्याने निकाल गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून गाडी सुटली असं नाही: रॅपिड चाचणीत लागण दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे शेवटच्या संबंधानंतर तेवढा काळ गेल्यावर एकदा पुन्हा. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी त्याच रक्तात तपासून घ्या. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसरा डोस घ्यायला एकटंच जावं लागलं तरी जा, लस तुमची आहे.

राहिली पत्रिका. ती त्याने पाठवली नाही, त्याच्या आईने पाठवली. काकूंना तुम्ही आवडत होता, त्यात त्यांची चूक नाही, पण त्या हॉलमध्ये तुमची बसायची जागा कोणती हे त्यांनी ठरवलेलं नाही. नवरीकडचे 'तुम्ही मुलाकडच्या का?' असं विचारतील तेव्हा 'हो' हेही खरं आणि 'नाही' हेही खरं. जाऊ नका. काकूंना फोन मात्र करा, मेसेज नको. दोन मिनिटं, अभिनंदन, 'ऑफिसची सुट्टी मिळत नाही'. त्या विचारतील, 'मग तुझं काय?' 'चाललंय' म्हणा. 'ऑलमोस्ट' हा शब्द त्यांच्यापुढे काढू नका, दुपारपर्यंत बोरिवलीभर होईल. आहेर यूपीआयने पाठवू नका, त्याच्या स्टेटमेंटमध्ये तुमचं नाव पुन्हा उगवेल आणि ते आता दोघं मिळून वाचतील. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असेल, तर यंदा ते शब्दशः घ्या.